ती मुलगी काय शिकली

मोठ्या बाई,

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. शाळेत आम्ही सगळे तुम्हाला मोठ्या बाई म्हणायचो, आजही दुसरं काही म्हणवत नाही. मी आता धुळ्याला आहे, शिक्षक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना अध्ययनाचं मानसशास्त्र शिकवते. प्रबलन म्हणजे काय, शिक्षेने काय होतं, मूल आपलं ज्ञान आपण कसं रचतं, हे सगळं फळ्यावर मांडते. परवा वर्गात एक गोष्ट घडली, त्यामुळे हे लिहायला बसले.

तुम्ही मुख्याध्यापिका, आणि शिक्षिका म्हणून माझं पहिलंच वर्ष होतं तुमच्या हाताखाली. जळगावहून सकाळची बस धरून मी यायचे, पर्समध्ये सोनेरी चांदण्यांची पाकिटं असायची. परीक्षेत मला सगळ्यात जास्त गुण प्रबलनाच्या, म्हणजे बक्षीस देऊन सवय लावण्याच्या, प्रश्नाला मिळाले होते, त्यामुळे तिसरीच्या वर्गात मी तेच लावलं. भिंतीवर नावांचा तक्ता. बरोबर उत्तराला चांदणी, चुकलं तर काही नाही. शिक्षा नाही, ओरडणं नाही. मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा. दिवाळीनंतर एक मुलगी दाखल झाली. तिचे आईवडील धुळ्याकडून केळीच्या बागेत कामाला आले होते. पहिल्या दिवशी तिला विचारलं, तुझं दप्तर कुठे आहे? ती म्हणाली, "घर शे." वर्ग खो खो हसला. मी हसले नाही. मी प्रेमानं म्हणाले, "शे नाही बाळा, आहे म्हण." पुढचे पंधरा दिवस ती तोंड उघडायची आणि मी प्रेमानं दुरुस्त करायचे. मग ती बोलेनाशी झाली. हजेरीला नुसता हात वर करायची. तक्त्यावर तिच्या नावापुढची ओळ कोरीच राहिली, आणि प्रगतीच्या नोंदीत मी लिहून टाकलं: आकलन कमी, मंदगती.

तो कागद हातात घेऊन तुम्ही माझ्या वर्गावर आलात तो दिवस मला अजून दिसतो. तुम्ही कागदाबद्दल अवाक्षर काढत नाही. शेजारच्या बागेतून केळीचा एक अख्खा घड आणवला आहे, तो टेबलावर आडवा ठेवता आणि पोरांना भोवती गोळा करता. मी मागे उभी. तुम्ही त्या मुलीला जवळ घेता आणि विचारता, "सांग बरं माय, आठे कितल्या फण्या शेतस?"

इथे फण्या किती, एवढाच प्रश्न; पण मी चमकले. तुमच्या तोंडून इतक्या महिन्यांत मी पुस्तकी मराठीशिवाय शब्द ऐकला नव्हता. मुलगी तुमच्याकडे बघत राहिली, मग घडाकडे. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तिचा आवाज आला. "नऊ शेतस. पन खालनी बारीक शे. ती धरतस नही."

कुणी हसलं नाही. खालची फणी मोजत नाहीत हे बागायतदारांच्या पोरांनाही ठाऊक नव्हतं, सगळी पोरं वाकून ती बारकी फणी बघायला लागली. तुम्ही विचारत गेलात आणि ती सांगत गेली: एका फणीत केळी साधारण किती, वरच्या फणीत जास्त का, घड उतरवताना कुठे धरायचा. शेवटी अख्ख्या घडाची केळी तिनं फणी-फणीनं मिळवत सांगितली. पंधराचा पाढा तिला येत नव्हता. पण पाढा ज्यासाठी असतो, ते तिला येत होतं.

मधल्या सुट्टीत तुम्ही मला कार्यालयात बोलावलंत. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तुम्ही म्हणालात, "बसा मॅडम. तुमच्या पुस्तकातलं काही चुकलेलं नाही. ती शिकली की."

"काय शिकली?"

"गप्प बसलं की बाई चूक काढत नाहीत, हे शिकली. पंधरा दिवसांत शिकली. मंदगती म्हणता तिला?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, तुम्ही आता थांबाल. पण तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "मलाही असंच शिकवलं होतं. 'शे' म्हणाले म्हणून बाईंनी बाकावर उभं केलं होतं. त्यानंतर शाळेच्या आवारात मी अहिराणी बोलले नाही. शिकताना नाही, शिकवताना नाही. आज बोलले." मग कागद माझ्याकडे सरकवलात. "हे तुम्हीच परत लिहा."

मी लिहिलं. भिंतीवरचा तक्ताही उतरवला. ती मुलगी त्यानंतर बोलायला लागली, अर्धं तिचं, अर्धं आमचं. चुकायची आणि पुढे जायची. उन्हाळ्यात तिचे आईवडील काम संपवून गेले. पुढे तिचं काय झालं, मला माहीत नाही.

बाई, ही गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगते. पोरं पेन खाली ठेवून ऐकतात. फक्त माझ्या गोष्टीत घड मी आणते. अहिराणीतला तो प्रश्न मी विचारते. पहिल्या वर्षी वेळ कमी होता म्हणून तुम्हाला वगळलं, असं मी मनाला सांगितलं होतं. नंतर वेळ असूनही तुम्ही गोष्टीत परत आला नाहीत. परवा साक्रीकडची एक विद्यार्थिनी उठली. तिचा चेहरा आनंदानं फुललेला. "मॅडम, तुम्हाला आमची अहिराणी येते? बोला ना दोन वाक्यं!" सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मला एक वाक्य जुळवता आलं नाही. मी म्हणाले, "विसरले गं आता." ती हिरमुसली, खाली बसली.

काल मी त्यांना खरं सांगितलं. साक्रीकडच्या त्या विद्यार्थिनीनं विचारलं, "मग त्या बाई कुठे असतात?" मी म्हणाले, नाहीत आता. तिनं मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला कुणी दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

हे पत्र कुठे पाठवायचं हा प्रश्नच नाही, वहीतच राहील. पण एक गोष्ट काल वर्गातही सांगवली नाही. तुम्ही जळगावला आजारी होता, तेव्हा मी भेटायला आले होते. उशीला टेकून तुम्ही विचारलंत, "त्या पोरीची गोष्ट सांगता का हो तुमच्या विद्यार्थ्यांना?"

"सांगते ना," मी म्हणाले.

तुम्ही इतक्या खूश झालात, की पुढचं मी बोललेच नाही.