सहा मिनिटांतले उत्तर

योग्यकार्ता,
५ ऑगस्ट २०२४

प्रिय दिक वुर्यानी,

तू आणि घरची माणसं सुखरूप असाल असं लिहिण्याची रीत आहे. या वेळी ती मला पाळता येत नाही. कारण पुढे येईल.

इकडे कोरडे दिवस आहेत. अंगणातल्या आंब्याला मोहर आला आहे आणि शेजाऱ्यांनी भिंतीला जो रंग लावला आहे त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. माझी प्रकृती उत्तम. माझ्या जुन्या औषधी वनस्पती विभागाने पुन्हा व्याख्यानाला बोलावलं होतं. निमंत्रणात तीन चुका होत्या. त्या दुरुस्त करून मी नकार कळवला.

गेल्या महिन्यात मी माझ्या फोनची शिस्त ठरवली. त्याला निमित्त झाली दारोदार जामूचे काढे विकणारी सिनेम. सकाळी तिने हळद-चिंचेचा पेला हातात दिला आणि मी तो तसाच धरून उभी राहिले.

"प्रोफेसरबाई, एवढ्या वेळात माझी तीन घरं उरकली असती. पेला द्या की परत."

"थांब, उत्तर लिहितेय."

"कुणाला?"

"चुकीचं लिहिणाऱ्याला."

"मग बसा लिहीत. एका जन्मात काही उरकायचं नाही ते."

मी तिला फटकारलं. नंतर फोनमधलाच हिशेब पाहिला : दिवसाकाठी चार तास. चार तास मी काय करत होते, याची टिपणं काढायला घेतली. प्रयोगशाळेत काढत असे तशीच. फोन उघडण्यापूर्वी कारण लिहायचं आणि मगच उघडायचा. आठ दिवसांची टिपणं वाचून मला स्वतःची लाज वाटली. निम्म्याहून अधिक वेळा कारण एकच होतं : कुटुंबाच्या गटात कोणी काय चुकीचं लिहिलं आहे ते पाहणे.

आता फोन स्वयंपाकघरातल्या कपाटात असतो. सकाळी अर्धा तास बाहेर येतो, तोही ठरलेल्या कामापुरता. उरलेल्या वेळात मी पुन्हा वाचू लागले आहे, चालू लागले आहे, आणि सिनेमचा पेला वेळेवर परत जातो. दुसरा नियम असा केला : कोणालाही उत्तर देण्याआधी त्या माणसाने लिहिलेलं सगळं, पहिल्यापासून, एका बैठकीत वाचायचं. आरंभ तुझ्यापासून केला. तू गट सोडून गेलीस त्याला पाच आठवडे झाले होते, म्हणजे उत्तर देण्याची घाई नव्हती.

मेमध्ये तू विचारलं होतंस, सिरसाकच्या पानांच्या काढ्याने गाठ विरघळते म्हणतात, ते खरं का. मग, 'माझ्या ओळखीच्या एका बाईला हवं आहे.' मग, ऑगस्टच्या मध्यात कोणी तुझ्याकडे सुराबायाला असणार आहे का. पुढे पुन्हा काढा, या वेळी कुठून तरी आलेला लांबलचक मजकूर. त्यावर माझं उत्तर सहा मिनिटांत : तीन शोधनिबंध, आणि खाली, 'आपल्या वडिलांच्या घरात वाढलेल्या मुलीला हा अडाणीपणा शोभत नाही.' तू लिहिलंस, 'क्षमा असावी, म्बाक,' आणि निघून गेलीस. म्हणजे माझा मुद्दा तुला पटला, असं मी धरून चालले.

आपल्याकडे धाकटी बहीण, दिक, थोरल्या म्बाकला सरळ 'मला गाठ आली आहे' असं सांगत नाही. ती दुसऱ्या बाईचं नाव करते, आडून विचारते, आणि थोरलीने ओळखून 'बाकी तू कशी आहेस?' म्हणायचं असतं. ही रीत मला आईने शिकवली आणि मी तुला.

मावशीच्या हक्काने मी तुझ्या लेकीला, लारासला, फोन केला. ती म्हणाली, "बुडे, आईने शपथ घातलीय. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पंधराला शस्त्रक्रिया आहे."

"मला कोणी कळवलं का नाही?"

"सगळ्यांना माहीत आहे, बुडे. आईच म्हणाली, म्बाकला सांगू नका, ती आधी पुरावा मागेल."

तुझी मुलगी स्पष्ट बोलते. हा दोष तिने माझ्याकडून घेतला असावा.

पानांनी गाठ विरघळत नाही, हे मी आजही म्हणेन. पण तू पानांबद्दल विचारत नव्हतीस.

आणखी एक गोष्ट आहे. ती न लिहिता हे पत्र बंद करण्याचा विचार मी दोन दिवस केला. त्या शेवटच्या मजकुराच्या वर तू स्वतः एक ओळ लिहिली होतीस : 'डावीकडे आहे, बोटाला लागते.' ओळखीच्या बाईची गाठ कोणी असं सांगत नाही. ती ओळ मी त्याच दिवशी वाचली होती, वुर. त्याच दिवशी मला समजलं होतं. आणि मी निबंध शोधायला बसले, कारण तिथे काय करायचं ते मला ठाऊक होतं. ती सहा मिनिटं घाईची नव्हती. ती पळ काढण्याची होती.

चौदाला सकाळच्या गाडीने मी निघते आहे; दुपारपर्यंत तुझ्या दारात असेन. डॉक्टरांना तू सांगितल्याशिवाय एकही प्रश्न विचारणार नाही. काही शोधून हवं असेल तर सांग, तेवढंच शोधीन. नको असेल तर तुझ्याशेजारी नुसती बसून राहीन. ते मला नीट जमत नाही. चुकले तर तू दुरुस्त कर.

आणि आता, नव्वद दिवस उशिरा : बाकी तू कशी आहेस?

उत्तराची वाट पाहणारी, कितीही वेळ लागला तरी,

तुझी म्बाक
हप्सारी