एकेचाळीस टॅब

सोमवार, ३ तारीख

आले एकदाची! दोन बॅगा, पुस्तकांची तीन खोकी आणि ही कोरी वही. धाकटी स्टेशनवर हजर होती. माझी हाक ऐकून म्हणाली, ताई, अगं व्यासपीठावरून खाली उतर, सगळा फलाट वळून बघतोय. मेहुण्यांनी खोकं उचलून तिसऱ्या मजल्यावर आणलं आणि धापा टाकत विचारलं, यात विटा भरल्यात की काय. मी म्हटलं, विटाच आहेत, कुणाच्या डोक्यात घालायच्या तेवढं ठरायचंय.

बावीस वर्षं शिकवलं आणि शाळेच्या फाटकावर एक सभा घेतली म्हणून घरी बसले. आता निवासी नोंद कार्यालयात कंत्राटी कारकून. धाकटीनेच कुणाकुणाकडे शब्द टाकून हे काम मिळवलं. तिने मला तिच्या घरातली मागची खोली दिली आहे. खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. पलंग करकरतो. तरी किती दिवसांनी पाठ टेकवावीशी वाटली!

बुधवार, ५ तारीख

खोली क्रमांक चार. एक टेबल, एक संगणक, उशी बांधलेली खुर्ची. उशी आधीच्या बाईंची. एका दुपारी चष्मा टेबलावरच ठेवून त्या उठल्या आणि पुन्हा आल्या नाहीत, असं शिपाईमामा सांगतात.

काम समजलं आणि रक्त उसळलं. माणसाने घर बदललं की त्याची जुन्या पत्त्याची नोंद रद्द होते. नवी नोंद साहेबांची मंजुरी मिळाल्यावर होते. मधल्या काळात तो माणूस असतो कुठे? माझ्या ब्राउझरमध्ये, एका उघड्या टॅबमध्ये. ते पान जतन करायची सोयच कुणी ठेवलेली नाही. आधीच्या बाई म्हणून संगणक कधी बंद करत नसत. आज असे एकेचाळीस टॅब आहेत, एकमेकांना चिकटून उभे, नुसते अर्जाचे क्रमांक दाखवणारे.

पहिला शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचा. आज येऊन गेल्या. ओढणीला टाचण्या तशाच होत्या, म्हणाल्या, घाईत मीच एखाद्या गिऱ्हाइकाला शिवून टाकेन. दुसरा घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांचा. ते रोज अकराच्या ठोक्याला खिडकीशी येतात, आणि मामा रोज विचारतात, काका, तुमचं घड्याळ पुढे आहे की आमचं ऑफिस मागे? एकोणतिसावा आमच्या धाकटीचा. तीन महिन्यांपूर्वी दोघांनी हे घर घेतलं. मेहुण्यांची नोंद झाली. हिची अडकली, कारण फोटोत कान दिसत नाही.

शुक्रवार, ७ तारीख

ऑफिसात माझं बारसं झालं : भाषणबाई.

खरं ते लिहायचं तर नाव मीच ओढवून घेतलं. जेवणाच्या सुट्टीत वेगळी विंडो उघडून माझं ते फाटकावरचं भाषण लावलं. ‘माणूस कागदाहून मोठा आहे’, मूठ वर, समोर चारशे माणसं. कारकून मंडळी जमली. कुणी म्हणालं, बाई, आवाज अजून खणखणीत आहे. मी सुखावले. का सुखावू नये?

संध्याकाळी साहेबांचा हुकूम आला : वायरिंगचं काम आहे, दोन दिवस सगळी यंत्रं बंद. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘जिथे सोडलं तिथून सुरू करा’ हे निवडलेलं आहे, हे मी दोनदा तपासलं. मग टॅबची मोठी विंडो बंद केली. भाषण थोडं उरलं होतं. ते टाळ्यांपर्यंत ऐकलं आणि मग ती विंडोही बंद केली.

सोमवार, १० तारीख

ब्राउझर उघडला. एकच टॅब. त्यात मी. मूठ वर, तोंड उघडं.

सेटिंग बरोबर होतं. इतिहास पाहिला, ‘नुकतेच बंद केलेले’ पाहिलं, बंद टॅब परत आणणारी बटणं दाबून पाहिली. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला, एकदा, पाचदा. दर वेळी मीच.

साहेबांकडे धावले. त्यांनी आपल्या पडद्यावर थांबलेल्यांचा आकडा पाहिला. शून्य. फळ्यावरचं एकेचाळीस पुसून त्यांनी हाताने शून्य काढलं, चांगलं मोठं, आणि सगळ्यांना चहा सांगितला. भाषणबाई, पहिल्याच आठवड्यात कमाल केलीत म्हणे! मी ओरडले, ती एकेचाळीस माणसं आहेत. ते म्हणाले, गरज असेल तर येतील परत, कोरे अर्ज खणात आहेत.

सगळ्यांनी चहा घेतला. मीही घेतला. लिहिताना लाज वाटते.

मंगळवार, ११ तारीख

संगणक दुरुस्त करणारा आला. यंत्राला कान लावून ऐकतो म्हणून त्याला सगळे डॉक्टर म्हणतात. त्याने विचारलं, बंद करताना शेवटी कुठली विंडो मिटलीत? मी सांगितलं. तो हसला. ब्राउझर शेवटी मिटलेली विंडोच लक्षात ठेवतो, बाई. एकेचाळीसांची आधी मिटलीत, स्वतःची शेवटी. वर पाच वेळा उघडझाप करून जुनी खूणही पुसलीत.

जन्मभर मी लोकांना सांगत आले की आधी दुसऱ्याचा विचार करा.

तासाभराने त्याला एका कोपऱ्यात गुरुवारची फाइल सापडली. एकेचाळीस टॅब परत आले! पण नुसत्या पाट्या. पान टॅबवर क्लिक केल्यावर उघडणार. पहिल्यावर त्याने स्वतः क्लिक केलं. ‘नोंद आढळली नाही.’ आणि टॅब आपोआप मिटला. त्याला दुसऱ्या खोलीत हाक आली. मी दुसरा उघडला. तिसरा. घाईघाईने बारापर्यंत गेले. प्रत्येकात तेच वाक्य. साहेबांनी बोलावलं म्हणून हात थांबला.

बुधवार, १२ तारीख

अकरा वाजले. खिडकी रिकामी. मी मामांना विचारलं, आज घड्याळवाले काका दिसत नाहीत? मामा म्हणाले, कोण काका? मी त्यांचाच विनोद त्यांना ऐकवला. ते हसले. चांगला आहे म्हणे, कुणाचा?

संध्याकाळी दुकान शोधत गेले. चष्म्यांचं दुकान, त्याला लागून औषधांचं. मधे एकच भिंत, नख शिरणार नाही. औषधवाला म्हणाला, पंधरा वर्षं इथे आहे, घड्याळवाला कधी नव्हताच.

मला मात्र त्यांच्या अंगठ्यावरचा तेलाचा डाग आठवतो.

गुरुवार, १३ तारीख

डॉक्टर सकाळीच आला. झोप न झालेला चेहरा. म्हणाला, मी उघडला तो पहिला टॅब शिवणवाल्या बाईंचा होता ना? माझ्या बायकोचे कपडे त्या शिवायच्या. बायको म्हणते, कुठल्या बाई?

मी म्हटलं, मलाही अशा कुणी आठवत नाहीत.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी वही काढली. पाच तारखेचं पान. माझंच अक्षर : ओढणीला टाचण्या, गिऱ्हाइकाला शिवून टाकेन. वाचलं, पुन्हा वाचलं. परक्या माणसाची गोष्ट वाचावी तसं. कितीही ताण दिला तरी चेहरा नाही, आवाज नाही.

म्हणजे असं आहे. जो टॅब उघडतो, त्याच्यापुरतं माणूस उरतं. बाकी सगळ्यांसाठी पुसलं जातं. काका माझ्याकडे उरले, कारण त्यांना मी पुसलं.

डॉक्टर हत्यारांची पिशवी तिथेच टाकून गेला. आधीच्या बाई का गेल्या ते मला कळलं.

शुक्रवार, १४ तारीख

खात्री हवी होती. हे वाक्य मी लिहिते आहे, मी, माणूस कागदाहून मोठा म्हणणारी.

तेरावा टॅब. ओळखीचा नाही म्हणून निवडला. रजिस्टरमधून पत्ता काढून सकाळी जाऊन आले. दारात एक माणूस सायकलच्या चाकात हवा भरत होता. वर न बघता म्हणाला, जरा बाजूने जा ताई, इथे चिखल आहे. परत आले. क्लिक केलं. पुन्हा गेले.

चिखल होता. दार नव्हतं.

आता अठ्ठावीस उरले. यंत्र चालूच ठेवलं. कीबोर्ड आणि माऊस कपाटात, किल्ली माझ्याकडे.

रविवार, १६ तारीख

धाकटीला सांगितलं. आधी हसली, तू सगळ्याचंच भाषण करतेस म्हणाली. वही दाखवली. मग हसली नाही. बराच वेळ केस विंचरत राहिली, विंचरून झाले तरी.

मग म्हणाली, ताई, तशीच वेळ आली तर दुसऱ्या कुणाला उघडू देऊ नकोस. तूच उघड. निदान तुझ्याकडे तरी राहीन.

मी म्हटलं, वेळ येणारच नाही. अशी कशी येईल! मी आहे ना.

तिने मान हलवली. मला ती मान हलवणं आवडलं नाही.

सोमवार, १७ तारीख, सकाळ

पडद्यावर पाटी : दुपारी चार वाजता यंत्र आपोआप बंद होऊन सुरू होईल. पुढे ढकलायचं बटण चालत नाही. पुन्हा सुरू होताना टॅब तसेच राहतील की जातील, सांगता येत नाही. डॉक्टर फोन उचलत नाही.

साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, बाई, शून्य लिहून झालंय, वर कळवून झालंय, आता ही अठ्ठावीस कुठून काढू? उघडून एकेक मिटवून टाका. नाहीतर मी मिटवतो.

खुर्ची सोडणार नाही.

दुपारी तीन

साहेब दारात उभे. मागे सगळे कारकून. मामाही.

दोनच रस्ते. एकोणतिसावा मीच उघडायचा — ती जाईल, माझ्याकडे राहील. नाहीतर यांना थांबवायचं.

कपाटातून माऊस काढून जोडला, बाण त्या टॅबवर आणला. दाबवत नाही. माझी धाकटी आहे. दाबवत नाही.

बोलेन. आयुष्यभर दुसरं आलंय काय मला. उभी राहून बोलेन, अशी की यांची पावलं —

साडेतीन

बोलले. असं कधीच बोलले नव्हते. दाराकडे चार पावलं टाकत, थेट कारकुनांच्या डोळ्यांत बघत. मामांनी डोळे पुसले. टाळ्या पडल्या. बराच वेळ.

वळले तर साहेब केव्हाच बाजूने सरकून खुर्चीत. माऊस हातात. पडदा कोरा. फळ्यावरचं शून्य तसंच.

कशासाठी एवढं बोलले होते कोण जाणे. नियमांविरुद्धच असणार.

साहेब उठत नाहीत. चेहरा राखेसारखा. कुणाकुणाची नावं पुटपुटतायत. मला म्हणाले, बाई, मला खरं वाटलं नव्हतं, खरंच वाटलं नव्हतं — तुमच्या धाकटीचं मी काय करून बसलो. मी म्हटलं, साहेब, पाणी घ्या. मला बहीण नाही.

ते रडायला लागले. एवढा मोठा माणूस. विचित्रच.

डोकं जड झालंय. आज लवकर निघते. घरी जाऊन पडते जरा. घरी. मागची खोली, पाण्याची टाकी — पण तिसऱ्या मजल्यावरचं ते घर, तिथे राहतात ते गृहस्थ माझे कोण, आणि त्यांच्याकडे मी —