आमच्या घरचा योजना आयोग

चिचगड, ता. देवरी
५ जानेवारी २०१५

आदरणीय साळेसाहेब श्री. डोमनलालजी यांना केवळराम मास्तराचा रामराम. राइस मिलच्या धुळीनं धरलेला तुमचा खोकला उतरला असेल. इकडे थंडी कडक आहे आणि मी पुरता हादरलो आहे.

दिल्लीतला योजना आयोग बंद झाला हो! ज्याच्यावर मी जन्मभर शाळेत टिपा लिहून दिल्या (त्यात नापास झालेले आता चारचाकीतून हात दाखवतात), तो नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी मोडीत निघाला. मी रेडिओ दोनदा आपटून पाहिला, बातमी तीच. गोमती तांदूळ निवडत होती. “दिल्लीवाल्यायनं बंद केला, मंग तुमी आपला काऊन चालवून राहिले जी?” एवढं बोलून तिनं पिशवी भरली आणि देवरीहून बस धरून थेट गोंदियाला तुमच्याकडे.

तुम्हाला ठाऊकच आहे, लग्नापासून आमचं घर पंचवार्षिक योजनांवर चालतं. (अध्यक्ष मी, सदस्यही मीच.) देशानं आधी शेतीपाणी घेतलं, मग अवजड उद्योग, आम्हीही पहिल्या योजनेत विहीर खोदली, दुसरीत मळणीयंत्र आणलं. उभ्यानं रांधायचा ओटा तिसऱ्या योजनेत मंजूर होता, पण तेवढ्यात शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भावकीशी युद्ध पेटलं, आणि युद्धात कोणी ओटे बांधतं का? मग तो पुढे सरकतच गेला. एक्क्याण्णवनंतर देशानं दारं उघडली, तेव्हा तुमच्याकडून आलेली गॅसची शेगडी परकीय गुंतवणूक असूनही मी अडवली नाही. चुलीशेजारी जमिनीवर ठेवून घेतली. गुडघे दुखतात अशी गोमतीची तक्रार होती, तीही पुढच्या योजनेत घेतलेली होती.

आता रांधणं माझ्याकडे आलं. काल भात उतरवायला बसलो आणि उठताच येईना! खरं सांगतो, घाबरलो. हाका मारल्या तेव्हा शेजारचा उदाराम मिस्त्री धावत आला आणि काखेत हात घालून त्यानं मला उभं केलं. भात करपला तो करपलाच. “बाई रोज कशी उठत असन जी?” उदारामनं विचारलं.

तरी तुमच्या बहिणीला समजवा, की घरचा आयोग असा एका दिवसात बरखास्त होत नसतो. परत यायची घाई नाही म्हणावं. मी मजेत आहे.

आपला,
केवळराम

ता. क. मजेत नाही. उदाराम विटा-वाळू घेऊन अंगणात बसला आहे आणि ओटा किती उंच करू म्हणून विचारतो आहे.

आणखी ता. क. गोमतीला कळू न देता तिची जमिनीपासून कमरेपर्यंतची उंची मोजून ताबडतोब कळवा. चाळीस वर्षांच्या सगळ्या योजना चाळून पाहिल्या. ही आकडेवारी आमच्या आयोगाकडे नाही.