टोपलीतला कोट

रविवार, ९ नोव्हेंबर, सकाळ

ती. आईस,

नमस्कार. टोपली चार मजले वर ओढताना आज जड लागली असेल. दोरी मनगटाला गुंडाळली नाहीस ना? मागे वळ उठला होता. वर रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, खाली संत्री आणि तळाला माझा तपकिरी कोट. कोट कशाला, ते पुढे सांगते. आधी चष्मा लाव आणि पत्र शेवटपर्यंत वाच.

इकडे सगळं ठीक. लाँड्रीत दुरुस्तीच्या कपड्यांचा ढीग पडलाय. थंडी सुरू झाली की लोकांना आठवतं, जाकिटाची चेन गेल्या वर्षीच बिघडली होती. इस्त्रीवाले काका नेहमीप्रमाणे वाफेत उभे राहून जगाचा उद्धार करत असतात.

गेल्या रविवारची तुझी चिठ्ठी खिशातच आहे. ‘ढब्बू, बुधवारी दुपारी कुणी हडकुळी बाई दारात आली होती. काहीतरी विकायला असेल. तोंडातून शब्द फुटत नव्हता. मी साखळीच्या फटीतून बघितलं आणि दार लावून घेतलं. हल्ली कुणीही जिना चढून येतं.’

कुणीही नव्हतं, आई. मी होते.

पत्र खाली ठेवू नकोस. फुटपाथची पायरी चढताना धापा टाकणारी ढब्बू चार मजले चढली कशी, हेच विचारशील ना? फेब्रुवारीत मी मैत्रिणीकडे गेले नव्हते. वजन उतरवायचं ऑपरेशन करून घेतलं. पोटातली पिशवी कापून लहान करतात. तेव्हा टोपली काका भरत होते आणि माझ्याबद्दलच्या थापाही तेच लिहीत होते. त्यांना बोलू नकोस. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, तरी एवढी एक गोष्ट त्यांनी भिजवली.

तुला सांगितलं नाही, कारण मावशी ऑपरेशनच्या टेबलावरून परत आली नाही तेव्हा तू म्हणाली होतीस, ‘यापुढे घरातलं कुणी आपणहून सुरीखाली गेलं, तर त्याने मला तोंड दाखवू नये.’ तू बोलतेस ते करतेस. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून माझा कापरा आवाज लपला. उरला आकार. चार मजल्यांवरून तुला माझं डोकं, कोट आणि हलणारा हात एवढंच दिसतं. दिवसभर लोकांचे सैल कपडे टाके घालून आत घेणारी मी, स्वतःचा कोट मात्र फुगवत होते. अस्तरात उशीचा कापूस आहे, चाचपून बघ. ‘उन्हाळ्यात कोट? डोकं फिरलंय का?’ असं तू विचारलंस आणि मी ‘थंडी वाजते’ लिहिलं. ते तेवढं खरं होतं. चरबी गेली की वाजते.

सगळं छान झालं असं सांगणार नाही. चार घासांवर पाचवा घेतला की पोट उलटतं. केस मुठीने गळतात. कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबते. गुडघे जुनेच आहेत, ते कुणी बदलले नाहीत. व्यायाम घेणारी बाई मला आरशासमोर चालवते आणि ओरडते, “वजन गेलं, तुम्ही अजून ते उचलूनच चालताय!” खरंच आहे ते. पाय फाकवून, डोलत चालते. दारातून अजून तिरकी होऊन शिरते.

पण सिग्नल बदलायच्या आत रस्ता ओलांडते. बुटाची लेस स्वतः बांधते. पहिल्यांदा बांधली तेव्हा रडले, काका म्हणाले, “लेससाठी कोण रडतं?” लेससाठी नव्हतंच ते. तुझी कंबर मोडली आणि तू वर अडकलीस, मी खाली फुटपाथवरच्या बाकावर अडकले. इतकी वर्षं आपण मायलेकी दोरीच्या दोन टोकांना बसून आहोत. मी तुझ्या जिन्यासाठी कापून घेतलं, आई.

त्या बुधवारी जिन्याच्या प्रत्येक वळणावर बसत चढले. तिसऱ्या मजल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, खिशातलं बिस्किट खाल्लं आणि उठले. घंटा तुला ऐकू येत नाही, म्हणून दार हादरेल असं थापटलं. ‘आई’ म्हणायचं होतं, पण दम उरला नव्हता. मग तू दार लावलंस. मी तिथेच पायरीवर बसून राहिले. दम परत आला, पण पुन्हा थापटायचा धीर झाला नाही.

एक गोष्ट मला खातेय. तू माझ्या डोळ्यांत बघितलंस, बराच वेळ. विकणाऱ्या बाईकडे तू इतकं बघत नाहीस. मला ओळखलं नाहीस म्हणून दार लावलंस, की ओळखलंस म्हणून? तुझी चिठ्ठी वाचून वाचून तिच्या घड्या फाटल्या, तरी मला कळत नाही. भीती वाटते.

आता खाली वाकून बघू नकोस, मी बाकावर नाही. टोपली वर निघाली की मीही निघाले. मला वेळ लागेल, तोवर ठरव. मी यावं असं वाटत असेल तर साखळी काढ आणि दार नुसतं लोटून ठेव. बंद दिसलं तर थापटणार नाही. समजेन आणि मुकाट्याने उतरेन.

फक्त एवढं ध्यानात घे, चढताना नुसता दम लागतो. गुडघे दुखतात ते उतरताना.

कोटाशिवाय येतेय,
तुझी ढब्बू