सगळ्यांत सोपा विषय मला कसा अवघड गेला

आदरणीय मार्डेलताई,

तुझ्या धाकट्या भावाचा, कंबर परवानगी देते तेवढं वाकून नमस्कार. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं जॉयलिनने सांगितलं. (माझ्या बायकोला ते माझ्याआधी कसं कळलं, हे विचारू नकोस. तुमच्या चर्चच्या बायका आणि आमच्या चर्चच्या बायका यांच्यामध्ये चाळीस मैल बर्फ पसरलेला असला तरी बातमी काही अडत नाही.) इकडे थंडी उणे अठ्ठावीस, माझा उजवा गुडघा उणे तीस, बाकी ठीक. जॉयलिन मजेत आहे. मी मात्र दमलोय ताई. चौतीस वर्षं जिल्ह्याच्या रस्त्यांवरचा बर्फ काढला तेव्हा दमलो नाही एवढा या चार महिन्यांत दमलो, आणि तेही खुर्चीत बसून.

तुला आठवत असेल, बेचाळीस वर्षांपूर्वी बाबा गोठ्याच्या छपरावरून पडले आणि मी युनिव्हर्सिटीतला शेवटचा एक विषय अर्धवट टाकून घरी आलो. ‘पुढच्या सहामाहीत जाऊन पुरा करीन’ असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. ती सहामाही या सप्टेंबरात उगवली. झालं असं, की निवृत्त झाल्यापासून मी घरी बसून जॉयलिनला भांडी कुठल्या क्रमाने लावावीत याचं मार्गदर्शन करायला लागलो होतो. दोन महिने तिने ऐकून घेतलं आणि तिसऱ्या महिन्यात युनिव्हर्सिटीला फोन केला. तिथल्या माणसाने सांगितलं, एक विषय पास व्हा, कुठलाही चालेल, आणि पदवी घेऊन जा. कुठलाही म्हणजे सगळ्यांत सोपा, हे जॉयलिनने फोन खाली ठेवायच्या आतच ठरवलं.

आता हल्ली कुठला विषय कसा आहे याबद्दल पोरं आपापलं मत फोनवर लिहून ठेवतात. (आमच्या वेळी संडासाच्या दारावर लिहायची. मजकूर साधारण तोच.) जॉयलिनने चष्मा लावून दोन संध्याकाळ ती मतं वाचली आणि ‘स्कँडिनेव्हियन साहित्याची ओळख’ हा विषय नक्की केला. एकाने लिहिलं होतं, ‘डोळे मिटून घ्या.’ दुसरी म्हणत होती, ‘बाई गोड आहेत, आवाज इतका मऊ आहे की छान झोप लागते.’ तिसरा म्हणे वर्गात दोनदाच गेला, त्यातल्या एकदा चुकून, तरी पास झाला. एका मुलीने सगळ्या पुस्तकांचा सारांश एका ओळीत दिला होता, ‘शेवटी कुणीतरी बर्फात जातं आणि परत येत नाही, एवढं लिहिलं की झालं.’ जॉयलिन म्हणाली, “बर्फात जाऊन परत येणं हाच तर तुझा धंदा होता. तुला काय कठीण आहे?” आणि तिने जानेवारीतल्या एका रविवारसाठी चर्चचं तळघर धरून ठेवलं, केकवर ‘पदवीधर वेंडेल’ लिहायला सांगितलं आणि दीडशे माणसांना आमंत्रणं धाडली. (तुलाही आलं असेलच. जेवायला हॉटडिशचं भांडं आणू नकोस, अकरा जणी आणताहेत.) विषयाचं पुस्तक अजून विकत घ्यायचं होतं, त्याच्या आधीची ही गोष्ट.

वर्गाच्या यादीत एकशे चाळीस नावं. प्रत्यक्ष हजर तेरा. त्यातले पाच झोपलेले, आणि एक मुलगा मला वाटतं वर्ग चुकला होता, पण हीटर जवळ असल्यामुळे सहामाहीभर तिथेच बसला. शिकवणाऱ्या बाई तोर्दिस लुंडे. साठीच्या आतबाहेर, लांब हातांच्या, लोकरीचा एकच करडा स्वेटर. एकोणीस वर्षं त्या हाच विषय शिकवताहेत. समोर कोण आहे याकडे न बघता खिडकीकडे बघून बोलायची त्यांना सवय झाली आहे, आणि आमचा वर्ग तळघरात असल्यामुळे खिडकी नाही. माझ्या शेजारी ब्रिन नावाची मुलगी बसायची. मुलींच्या आइस हॉकी संघाची गोलरक्षक, माझ्याहून वीतभर उंच, स्वभावाने लोणी. तिने पहिल्याच दिवशी मला विचारलं, “काका, तुम्ही नळ दुरुस्तीला आलात का?”

पहिल्या पुस्तकात एका बाईची गोष्ट होती. नॉर्वेतलं डोंगराळ शेत, दुष्काळाचा हिवाळा, नवरा मासेमारीला गेलेला, घरात तीन पोरं आणि एकच गाय. ती गाय मरते. बाई पोरांना सांगत नाही. रोज पहाटे बादली घेऊन गोठ्यात जाते आणि रिकामी बादली घेऊन परत येते. मी ते पुस्तक दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना चिडलो, कारण लिहिणाऱ्याला गाईबद्दल ओ की ठो कळत नाही. दुसऱ्यांदा वाचताना मला उठून बाहेर जाऊन लाकडं फोडावी लागली. ताई, तू तेव्हा लग्न होऊन गेली होतीस म्हणून तुला ठाऊक नाही. बाबांनी गाई विकल्या त्यानंतर महिनाभर आई पहाटे उठून गोठ्यात जायची. दिवा लावायची, थोडा वेळ उभी राहायची, दिवा विझवून परत यायची. मी खिडकीतून बघायचो. कधी विचारलं नाही. तिनेही कधी सांगितलं नाही. आपल्या घरात तशी पद्धतच नव्हती.

तर परीक्षेत प्रश्न आला, ती बाई रोज गोठ्यात का जाते? मी साडेतीन पानं लिहिली. लिहिलं, की शेजारी बघत असतात. बर्फात गोठ्याकडे पावलं उमटली नाहीत तर गाय गेल्याचं तासाभरात गावभर होईल, मग किराणावाला पुढचं सामान देणार नाही. शिवाय पोरांना पाणी आणायची, गवत काढायची कामं आहेत. गाय मेल्याचं कळलं तर ती कामं थांबतील आणि पोरं चुलीपाशी बसून गारठतील. ओघात बादलीबद्दलही लिहिलं. (पुस्तकात ती लाकडी आहे. इतक्या थंडीत लाकडी बादली ओली ठेवली तर तडकते, हे त्या लेखकाला कुणीतरी सांगायला हवं होतं.) मला शंभरात अठ्ठेचाळीस मिळाले. समासात बारीक अक्षरात शेरा होता, ‘बादलीबद्दल पुरे.’ पास व्हायला सरासरी साठ लागतात. ब्रिनने ते पुस्तक उघडलंसुद्धा नव्हतं, तिला शंभर.

“काका, तुम्ही पाच शब्द घातले नाहीत ना,” ती म्हणाली.

“कसले पाच शब्द?”

“एकाकीपणा, मौन, अपराध, निसर्ग, प्रकाश. कुठलेही तीन आले की पूर्ण मार्क. सगळ्यांना माहिती आहे. फोनवर लिहिलेलंच आहे की!”

जॉयलिनने तेवढंच वाचलं नव्हतं. मी घरी मार्क सांगितले नाहीत. चर्चमधला प्रत्येक माणूस हात हातात घेऊन ‘काय पदवीधर!’ म्हणत होता आणि मी गुडघ्याचं निमित्त करून मागच्या बाकावर बसायला लागलो होतो. हट्टाने ते शब्द घातले नाहीत, दुसऱ्या परीक्षेत पन्नास. मग एक दिवस तोर्दिसबाईंनी मला खोलीवर बोलावलं. त्यांची खोली म्हणजे दगडांच्या नमुन्यांच्या कोठाराशेजारची अडगळ. त्यांनी कॉफी दिली, वेलचीचा बन पुढे केला आणि माझा पेपर काढला.

“वेंडेल, खरं सांगा. तुम्ही पुस्तक पूर्ण वाचलंत?”

“दोनदा.”

“का?”

ताई, एकोणीस वर्षं एखादी बाई पुस्तकं शिकवते आणि एक माणूस ती वाचतो, तर तिच्या तोंडून ‘का?’ येतं. मी बनचा तुकडा मोडला. त्यांनीच मग सांगितलं. फार पूर्वी त्या विषय अवघड शिकवायच्या. मग एका वर्षी नऊच विद्यार्थी आले. त्यांचा विभाग जर्मन भाषेच्या विभागात विलीन झाला, खोली तळघरात आली. मग त्यांनी विषय सोपा केला, सोप्याचा आणखी सोपा केला. एकशे चाळीस पेपर एकट्या बाईने वाचायचे म्हणून ते पाच शब्द धरले. “मुलांची मतं मी दर वर्षी वाचते,” त्या म्हणाल्या. “सोपं आहे म्हणतात. छान सोपं आहे म्हणतात. चांगलं आहे असं अजून कुणी म्हणालेलं नाही.” मी खाली बघितलं, कारण मीसुद्धा ती मतं वाचूनच आलो होतो. “तुमचे मार्क मी वाढवू शकत नाही,” त्या म्हणाल्या. “मग सगळ्यांचे पेपर वाचावे लागतील, आणि मग सगळेच नापास होतील.”

त्यानंतर ब्रिनने मला हाताशी धरलं. तिला सरावाला बर्फाच्या मैदानावर सोडायला मी माझ्या पिकअपमधून जायचो. वाटेत मी तिला पुस्तकाची गोष्ट सांगायचो आणि ती मला पास कसं व्हायचं ते सांगायची. गोष्टीतली माणसं तिला आवडायला लागली, हा तोटाच झाला. एकदा त्या बाईचा नवरा परत येतो का हे कळेपर्यंत ती गाडीतून उतरेना आणि तिच्या कोचने येऊन काच ठोकली. शेवटच्या परीक्षेत मी पहिल्या ओळीत लिहिलं, ‘एकाकीपणा, मौन, अपराध. आता मुद्द्याचं लिहितो.’ आणि पुढे पाच पानं मुद्द्याचं लिहिलं. पहिल्या ओळीला पूर्ण मार्क मिळाले. सरासरी सहासष्ट. ताई, मी पदवीधर झालो. खाली बाईंनी लिहिलं होतं, ‘उरलेली पाच पानं मी घरी नेऊन वाचली.’

इथे थांबलो असतो तर किती बरं झालं असतं. पण माझ्या मनात आलं, या बाईंना कुणीतरी एकदा लिहून द्यावं. मी जॉयलिनचा फोन घेतला आणि एका बोटाने तासभर खपून माझं मत लिहिलं, पूर्ण नाव घालून. ‘हा विषय सोपा नाही. मी चौतीस वर्षं वादळात गाडी चालवली, इतका अवघड रस्ता बघितला नाही. पुस्तक मिटल्यावर ते संपत नाही. घरातल्या गेलेल्या माणसांना विचारायच्या राहिलेल्या गोष्टी आठवतात. बाई फार चांगल्या आहेत. फार अवघड.’ वर पाचपैकी पाच तारे दिले.

पुढच्या सहामाहीसाठी सव्वाशे पोरांनी नावं घातली होती. चार दिवसांत अठ्ठ्याऐंशी जणांनी काढून घेतली. त्यांना वाटलं, बाईंनी गुपचूप विषय बदलला. ब्रिन माझ्यावर ओरडली, “काका, ‘अवघड’ असं लिहितं का कुणी? तुम्ही आग लागल्याची घंटाच वाजवलीत!” मग तिने सारवासारव म्हणून स्वतःचं मत लिहिलं, की या काकांना अवघड गेलं कारण ते बादलीवर साडेतीन पानं लिहितात. त्यावर कुणीतरी विचारलं, ‘बादली परीक्षेला आहे का?’ आणि आणखी पाच गेले. आता बत्तीस उरलेत. ऑफिसने कळवलंय, येत्या शुक्रवारपर्यंत चाळीस नावं झाली नाहीत तर विषय बंद, आणि बाईंची नोकरीही.

काल त्यांचा फोन आला. मी तोंड भरून माफी मागायला लागलो. त्या हसत होत्या, पण दमलेल्या माणसाचं हसू होतं ते, मला ओळखता येतं. म्हणाल्या, “तुमचं मत मी छापून फ्रीजवर लावलंय. एकोणीस वर्षं वाट बघितली मी त्याची. आता घरीच बसायचंय, तर दिवसातून चारदा वाचता येईल.”

बाकी सगळं क्षेम. डोळ्यात थेंब वेळेवर घालत जा. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वेंडेल

ता. क. बासष्ट वर्षांवरच्या माणसांना युनिव्हर्सिटीत जवळजवळ फुकट बसता येतं, हे तुला माहीत आहे का? तू सत्तर पार केलीस, आणि तुला लहानपणी पुस्तकांचं किती वेड होतं! मंगळवारी आणि गुरुवारी वर्ग. तळघर उबदार आहे. नीट विचार कर, घाई मुळीच नाही, तुझ्यावर कसलाही दबाव नाही.

ता. क. २ जॉयलिन, तिच्या शिवणमंडळातली तीन माणसं, बर्फाच्या गाडीवरचा माझा जुना जोडीदार, आमचे पाद्रीबाबा आणि मी स्वतः, अशी सात नावं झाली. (माझी पदवी मिळाली आहे, तरी. यात हसण्यासारखं काही नाही.) आठवं हवं होतं.

ता. क. ३ वर ‘विचार कर’ वगैरे लिहिलंय ते केवळ मोठ्या बहिणीशी रीतीने बोलावं म्हणून. तुझा फॉर्म मी सोमवारीच दिला. सही मी केली. तिसरीत असताना माझ्या प्रगतिपुस्तकावर तू बाबांची करायचीस ना, मार्क न बघता, आणि वर मला एक शब्दही न विचारता, अगदी तश्शी. मंगळवारी सकाळी आठला तयार राहा, मी गाडी घेऊन येतो.