श्वास रोखून

ता. ९, सोमवार

चि. बाळीस, अनेक आशीर्वाद.

परवा इस्पितळात तपासणीच्या टेबलावर आडवा पडलो होतो, तेव्हा कानात तोच जुना आवाज घुमत होता. अख्खा वर्ग एका सुरात कविता म्हणतोय आणि चरण संपला की साऱ्या छात्या एकदम 'हू' करून भरतायत. तेवढंच गोड, बाकी नुसता संताप!

मानेतल्या शिरेतून नळी घालायची, टोकाला इवलासा फुगा. तो हृदयातून फुप्फुसाच्या धमनीत पोचला, तिथला दाब कळला, की झडपेचं ऑपरेशन ठरणार. फुगा जाईना. पुन्हा, पुन्हा. शेवटी ते तरुण डॉक्टर माझ्यावरच खेकसले, की मास्तर, तुम्ही हलताय. मी? त्यांनी चूप म्हटल्यापासून मी श्वाससुद्धा रोखून धरला होता! आता तिथे पाऊल ठेवणार नाही. जिना चढताना दम लागतो, तर लागो.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझे बाबा

ता. १३, शुक्रवार

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

तळपायाची आग मस्तकात गेली. आधी त्यांच्यावर, मग तुमच्यावर. मी रोज हेच काम करते, म्हणून सांगते. तो फुगा ढकलायचा नसतो, रक्ताच्या ओढीने वाहू द्यायचा असतो. तुमची झडप गळते, उजवा कप्पा फुगलाय, ओढ मंद. होडी सोडावी आणि पाणीच मागे फिरावं, तसं! अशा हृदयात नळी वेटोळं घालून बसते. हे तपासणीत आधीच दिसलं होतं. एक्स-रेच्या पडद्यावर बघत घालायची होती. ते राहिलं बाजूला, आणि म्हणे मास्तर हलले!

आणि तुम्ही? दीर्घ श्वास घेतला की छातीत रक्त ओढलं जातं, फुगा पुढे सरकतो. वर्गाला चरणाचरणाला श्वास घ्यायला शिकवणारा माणूस स्वतः श्वास कोंडून पडला! शहाणेच आहात. दाब कळल्याशिवाय ऑपरेशन नाही, आणि झडप काही तुमचा रुसवा जाईपर्यंत थांबणार नाही.

त्या डॉक्टरांनाही पत्र टाकलंय. त्यात आशीर्वाद मागितलेले नाहीत.

राग उतरेपर्यंत आहे तीच माया गोड मानावी.

तुमची बाळी

ता. १७, मंगळवार

चि. बाळीस, आशीर्वाद.

बरोबर असलीस म्हणून बापाला झापशील? चूप म्हणणाऱ्याने श्वास घ्या असंही म्हणायला नको होतं? त्यांनी चूक कबूल केल्याशिवाय मी त्या टेबलावर चढणार नाही, काळ्या दगडावरची रेघ! आणि असली माणसं कधी कबूल... थांब, दार वाजतंय.

अगं, तेच डॉक्टर! सगळे जिने चढून आलेत, घामाघूम, चेहरा गृहपाठ न केलेल्या पोरासारखा. बोलायला तोंड उघडलं, पण दम पुरेना. माझा राग गेलेला नाही हो. तरी हात वर करून म्हटलं, आधी श्वास घ्या, चांगला छाती भरून; मग बोला.