काचेपलीकडच्या काकू

सोमवार, ४
रुजू झाले एकदाची! साथीच्या वॉर्डातली ड्यूटी मी मागून घेतली म्हणून आईनं कपाळावर हात मारला, पण मी खुशीत आहे. किट चढवलं की आम्ही सगळ्या सारख्याच दिसतो, म्हणून पाठीवर मार्करनं नाव लिहितात. नवीन आणि नखशिखांत झाकलेली म्हणून माझ्या पाठीवर कुणीतरी 'नवरी' लिहिलं.

मोठ्या सिस्टर म्हणाल्या, लागण होते ती किट काढताना. म्हणून काढायच्या खोलीत काचेपलीकडे एक काकू बसतात, निवृत्त होऊन पुन्हा आलेल्या. काचेतल्या बोलायच्या जाळीतून त्या एकेक पायरी सांगतात: हातमोजे, हात धुणं, झगा, गॉगल. मास्क सगळ्यांत शेवटी, बाहेर आल्यावर. प्रत्येक पायरीला आपण मोठ्यानं "झालं" म्हणायचं. डोकं चालवायचं नाही, काकूंचं ऐकायचं.

घरी मी वरच्या खोलीत वेगळी राहते. दाराला कडी फक्त बाहेरून आहे, त्यामुळे 'माझ्या आईला कोंडून ठेवलंय' असं माझी लेक छकुली शेजारीपाजारी सांगत सुटली आहे.

मंगळवार, ५
घामानं निथळले. गॉगलवर वाफ, नाकाला खाज. काकूंनी दम भरला, नाकाला हात लावलास तर नाक इथेच ठेवून जावं लागेल. फार आवडल्या मला.

संध्याकाळी छकुलीशी दाराआडून तोच खेळ खेळले. मास्क लाव, हात धू. दर वेळी पलीकडून ठसक्यात "झालं!" चार वर्षांची आहे, पण माझ्यापेक्षा शिस्तीची.

शुक्रवार, ८
काकूंचा आवाज बसला आहे. काचेवर पलीकडून वाफ धरलेली, नुसती आकृती दिसत होती. हातमोजे, झालं. मग त्या म्हणाल्या, मास्क. माझे हात मानेमागे गेलेसुद्धा! पट्टा सुटला तेव्हा लक्षात आलं की झगा अजून अंगावरच आहे. श्वास रोखून पट्टा परत चढवला. काकू, साठी बुद्धी नाठी का, म्हणून चेष्टा केली. त्या हसल्या नाहीत.

शनिवार, ९
मोठ्या सिस्टरना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, कसं शक्य आहे? काकू बुधवारपासून आमच्याच वॉर्डात आहेत. कोपऱ्यातल्या खाटेवर, घशात नळी. मीच त्यांचं तोंड पुसत होते आणि मीच ओळखलं नाही. उघडा चेहरा कधी पाहिलाच नव्हता, काचेपलीकडेही त्या मास्कमध्येच असायच्या. माणसं कमी, म्हणून काचेपलीकडे आता कुणी बसत नाही. भिंतीवर पायऱ्यांचा तक्ता लावलाय.

मग काल कोण होतं?

ड्यूटीतल्या जोडीदारणीला, लंबूताईला, विचारलं. तिनंही तो आवाज ऐकला होता. तिनं मास्क काढला होता. आज तिला ताप आहे.

सोमवार, ११
सकाळी काकू गेल्या.

काच कोरडी होती. खुर्ची रिकामी. तरी जाळीतून आवाज आला. मी तक्ता मोठ्यानं वाचत राहिले, तो माझ्याहून मोठ्यानं — बाहेर आले तेव्हा झगा अंगावर होता आणि मास्क हातात. कधी काढला? आठवत नाही. भीती वाटते. माझ्यासाठी नाही, छकुलीसाठी.

बुधवार, १३
ताप. साबणाचा वास येत नाही. छकुलीला वर फिरकू देऊ नको, आईला बजावलंय.

बुधवार, दुपार
आई अंघोळीला गेली आहे. जिन्यात पावलं — छकुली. परत जा म्हणाले. ती म्हणते, काकूंनी बोलावलंय. कुठल्या काकूंनी —

दाराला पाठ लावून लिहितेय. तोच आवाज, दारापलीकडे. शांत. मास्क काढ, म्हणतोय तिला.

"झालं!"

आता कडी काढ, म्हणतोय —

"झालं!"

ओरडतेय मी, ऐकत नाही. मीच शिकवलं तिला. मीच —

आवाज आता माझ्याशी बोलतोय. दारातून बाजूला हो.

नाही. होणार नाही. नाही —

पाय सरकताहेत. तोंडातून आपोआप, झा—